चोर, तस्कर आणि त्यांचा हिशोब : करड्या पात्रांचं कॅम्पेन कसं चालवावं

टेबलावरचा रोलप्लेइंग खेळ पहिल्यांदा चालवायला घेणाऱ्या अनेकांना शूरवीरांपेक्षा चोर, तस्कर, ठग आणि भाडोत्री गुंड अशा करड्या, म्हणजे ना धड चांगल्या ना धड वाईट, माणसांची गोष्ट जास्त खुणावते. ते स्वाभाविक आहे. राजकन्येला सोडवायला निघालेल्या वीराने पुढे काय करायचं हे बरंचसं ठरलेलं असतं. कर्जात बुडालेल्या कुलूपतोड्याला मात्र ते दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. पण असे डाव मोडतातही लवकर, आणि मोडण्याची तऱ्हा बहुतेक सारखीच असते. एक खेळाडू दुसऱ्याच्या पात्राचा खिसा कापतो, तिसरा दारूच्या गुत्त्यातल्या माणसाला विनाकारण भोसकतो, जीएम (खेळ चालवणारा) चिडून शहरभरचे शिपाई अंगावर सोडतो आणि "माझं पात्र असंच आहे" या वाक्यावर संध्याकाळ संपते.

यावर माझा एकच उपाय आहे आणि पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे : प्रत्येक काळ्या कृत्याची किंमत ते घडायच्या आधी, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगा आणि मग निवड खेळाडूवर सोडा. घडून गेल्यावर येते ती शिक्षा वाटते आणि तिच्याशी भांडावंसं वाटतं. आधी सांगितलेली किंमत खेळाडू स्वतः मोजून देतो. त्या मोजून देण्यातच या खेळाची सगळी गंमत आहे.

अगदीच नव्यांसाठी दोन शब्द. एक जण जीएम, म्हणजे गेम मास्टर होतो आणि जग, तिथली माणसं, प्रसंग सांभाळतो. बाकी तिघं-चौघं एकेक पात्र घेऊन ते पात्र काय करतं ते सांगतात. जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे फासे टाकायचे. एका बैठकीला सेशन म्हणतात, आणि तीच पात्रं घेऊन सलग चालणाऱ्या सेशन्सच्या मालिकेला कॅम्पेन.

पहिली पायरी : खेळ निवडा

हा छंद १९७४ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून सुरू झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्यात चोराचं पात्र पुढच्याच वर्षी, 'ग्रेहॉक' या पुरवणीतून आलं, म्हणजे सावलीत वावरणारी माणसं या खेळात जवळजवळ पहिल्यापासून आहेत. तरीही करड्या कॅम्पेनसाठी नव्या जीएमने तिथून सुरुवात करू नये असं मला वाटतं. त्या नियमांचा मोठा भाग लढाई आणि मंत्रविद्या यांना वाहिलेला आहे. कुलूप उघडणं एका फाशात उरकतं, तर मारामारीला तास लागतो. ज्याला नियम जास्त वेळ देतात तिकडेच टेबल ओढलं जातं, आणि चोरांची टोळी बघता बघता खाटकांची टोळी होते. शिवाय त्यातले स्वभावाचे नऊ कप्पे नव्या खेळाडूची दिशाभूल करतात. कागदावर 'दुष्ट' लिहिलं की दुष्टपणा दाखवायलाच हवा असं वाटू लागतं. खऱ्या करड्या माणसाला आपण दुष्ट आहोत असं वाटत नसतं. त्याला भाडं भरायचं असतं.

मी सुचवेन तो खेळ म्हणजे जॉन हार्पर यांचा 'ब्लेड्स इन द डार्क', २०१७ चा. तो मुळातच गुन्हेगारी टोळीचा खेळ आहे. डॉस्कव्होल नावाचं शहर, जिथे सूर्य कधीच फुटून गेला आहे, शहराभोवती विजेचा कोट आहे आणि मेलेल्यांची भुतं होतात. या शहरात तुमची टोळी तळातून वर चढू पाहते. फासे साधे सहा बाजूंचे, लुडोच्या डब्यातले चालतात. नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत वाचायला मिळतो, त्यामुळे पैसे घालण्याआधी चाचपून पाहता येतं.

मूळ नियम पाच मिनिटांत कळतो. पात्राचं त्या कामातलं कसब शून्य ते चार असतं, तितके फासे टाकायचे आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. सहा आला तर काम फत्ते. चार किंवा पाच आला तर काम होतं, पण काहीतरी भानगड सोबत येते. एक ते तीन म्हणजे फसगत. कसब शून्य असेल तर दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. दोन-तीन फासे टाकले की चार-पाचच सगळ्यात जास्त वेळा येतात. म्हणजे 'जमलं, पण' हाच या खेळाचा नेहमीचा निकाल. करड्या गोष्टीला याहून योग्य फासे मला माहीत नाहीत.

तुमच्या मंडळींना डंजन्स अँड ड्रॅगन्सच हवा असेल तर तोच घ्या, फक्त पुढे सांगितलेली हीट (टोळीमागचा शिपायांचा ससेमिरा मोजणारा आकडा) आणि क्लॉक (काय येऊ घातलंय ते दाखवणारं वर्तुळ) ही दोन साधनं त्यात उचलून आणा. ती कुठल्याही खेळात बसतात. आणि रक्तपिपासूंची, आतून कुरतडणाऱ्या अपराधाची गोष्ट हवी असेल तर १९९१ पासून चालत आलेला 'व्हँपायर : द मास्करेड' आहे. त्यात पात्राची माणुसकी आकड्यात मोजली जाते आणि क्रूर कृत्यांनी घटत जाते. पण तो पहिला म्हणून जड जातो.

दुसरी पायरी : सेशन झीरो, फासे न टाकता

खेळ सुरू होण्याआधीची एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवा. इतर कॅम्पेनमध्ये ती टाळली तर थोडं अडतं. करड्या कॅम्पेनमध्ये टाळली तर माणसं दुखावतात. तुम्ही मित्रांना गुन्हे करायला बोलावताय. कोणते गुन्हे, ते आधी बोलायलाच हवं.

रॉन एडवर्ड्स यांच्या मांडणीतून रुळलेल्या दोन याद्या करा. एक 'लाइन्स', म्हणजे जे आपल्या गोष्टीत असणारच नाही. दुसरी 'व्हेल्स', म्हणजे जे गोष्टीत घडू शकतं पण आपण त्याचं वर्णन करणार नाही. पडदा टाकून पुढे जाऊ. लैंगिक अत्याचार पहिल्या यादीत टाकूनच सुरुवात करा, चर्चेची गरज नाही. लहान मुलांवरची हिंसाही तिथेच. छळ करून माहिती काढणं बहुतेक टेबलांवर दुसऱ्या यादीत जातं. आपल्याकडच्या टेबलांसाठी मी आणखी दोन गोष्टी पहिल्या यादीत घालायला सांगेन. एक, जात. काल्पनिक शहरातही जातीवरून शिवी किंवा टोमणा नको, कारण टेबलावर बसलेल्यांपैकी कुणी तो खऱ्या आयुष्यात ऐकलेला असू शकतो. दुसरी, खऱ्या टोळ्या, खरे दंगे, खरे बॉम्बस्फोट. मुंबईत ज्यांनी ते दिवस काढले त्यांची घरं आपल्या आसपास आहेत. तो काळ कुणाच्या घरात कसा शिरला होता हे तुम्हाला ठाऊक नसतं.

हे सगळं भरल्या खोलीत विचारून उत्तरं मिळत नाहीत. चारचौघांत "मला हे नको" म्हणणं जड जातं, आणि नवा आलेला तर हमखास "काहीही चालेल" म्हणतो. म्हणून दोन दिवस आधी प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा, उत्तरं एकत्र करा आणि कुणी काय सांगितलं हे न उघडता एकच यादी वाचून दाखवा. सोबत जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांचं 'एक्स-कार्ड' ठेवा : फुली काढलेला एक कागद टेबलाच्या मध्यभागी. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबतो, बदलतो, आणि कारण विचारलं जात नाही. कारण न विचारणं हा त्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

शेवटचा प्रश्न : पात्रांनी एकमेकांना लुबाडायचं का? पहिल्या कॅम्पेनला माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. जगाशी लबाडी करा, टोळीशी नाही. पात्रांमध्ये मतभेद हवेत, कडाक्याचं भांडण हवं, पण चोरी, विष आणि पाठीत सुरी टोळीबाहेरच्यांसाठी राखून ठेवा.

तिसरी पायरी : आधी टोळी, मग पात्रं

बहुतेक नवे खेळाडू घरून पात्र तयार करून आणतात, आणि ते हटकून एकटं, अबोल, कुणावर विश्वास नसलेलं, काळी टोपी ओढलेलं असतं. अशी चार पात्रं एका खोलीत बसवली की कुणीच कुणाशी बोलत नाही. म्हणून आधी टोळी ठरवा. ब्लेड्समध्ये टोळीचे सहा प्रकार आहेत : मारेकरी, धाकदपटशा करणारे ब्राव्होज, गुप्त पंथ, नशेचा माल विकणारे हॉकर्स, चोरी आणि हेरगिरी करणारे शॅडोज, आणि तस्कर. पहिल्यांदा शॅडोज किंवा तस्कर घ्या. चोरीला स्पष्ट लक्ष्य असतं, तस्करीला ठरलेली वाट असते, आणि दोन्हींत खून हा धंदा नसून अपघात असतो. मारेकऱ्यांची टोळी चांगली चालवायला तुमचा हात बसलेला असावा लागतो.

टोळी ठरली की प्रत्येक खेळाडूला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. तू कुणाचं देणं लागतोस? कुणाला काही झालं तरी दगा देणार नाहीस? आणि असं कोणतं काम आहे, जे दुप्पट पैसे दिले तरी करणार नाहीस? तिसऱ्या प्रश्नाला "असं काहीच नाही" हे उत्तर स्वीकारू नका. ज्याला काहीच वर्ज्य नाही त्याला मोहात पाडता येत नाही, आणि ज्याला मोहात पाडता येत नाही त्याची गोष्ट पुढे सरकत नाही. हळुवारपणे मागे लागा. कुणी म्हणेल, अनाथाश्रमातून चोरणार नाही. कुणी म्हणेल, ज्या गल्लीत वाढलो तिथून हप्ता घेणार नाही. ही उत्तरं म्हणजे तुमच्या पुढच्या कित्येक सेशन्सचं सामान आहे.

नियमही याला हात देतात. प्रत्येक पात्राला यादीतून एक जवळचा मित्र आणि एक वैरी निवडायचा असतो, शिवाय एक व्यसन घ्यायचं असतं. जुगार, नशा, ऐषआराम हे नेहमीचे, पण त्यात 'बांधिलकी' हाही प्रकार आहे : घर, कुटुंब किंवा एखादं कार्य, ज्यापायी पात्र पैसे आणि वेळ ओतत राहतं. निदान एका खेळाडूला तो घ्यायला सुचवा. आजारी बहिणीच्या औषधासाठी तस्करी करणारा आणि त्याचीच सवय जडलेला माणूस टेबलावर असला की बाकीच्यांची पात्रंही सुधारतात.

चौथी पायरी : वस्ती आणि तिच्यातली तेढ

अख्खं शहर तयार करत बसू नका. एक मोहल्ला, तीन टोळ्या, प्रत्येकीत एक नाव असलेला माणूस, एवढं पुरे. पुस्तकातली सुरुवातीची परिस्थिती नव्या जीएमने जशीच्या तशी वापरावी, कारण ती फार चांगली रचली आहे. क्रोज फूट नावाच्या भागावर क्रोज टोळीचा अंमल. त्यांचा म्होरक्या रॉरिक मारला गेला आणि त्याचाच उजवा हात असलेली लिसा गादीवर बसली. या गोंधळात दोन टोळ्या एकमेकींवर उठल्या. लँपब्लॅक्स हे पूर्वीचे रस्त्यावरचे दिवे लावणारे. विजेचे दिवे आले, काम गेलं, आणि मंडळी गुन्ह्याकडे वळली. रेड सॅशेस ही मुळात तलवारबाजीची पाठशाळा. लँपब्लॅक्सचा बाझ्सो बाझ तुमच्या टोळीला बोलावून विचारतो : तुम्ही कुणाच्या बाजूने?

यातली खुबी पाहा. दोन्ही बाजू गुन्हेगार आहेत आणि दोन्हींचं म्हणणं समजण्यासारखं आहे. दिवे लावणाऱ्यांचं पोट गेलं तेव्हा शहराने त्यांच्याकडे पाहिलं नाही. स्वतःचं काही रचाल तेव्हाही हीच कसोटी लावा. समोरच्या टोळीचं गाऱ्हाणं एका वाक्यात, तिच्या तोंडून, पटेल असं सांगता आलं पाहिजे.

प्रत्येक टोळीशी तुमचं नातं उणे तीन ते अधिक तीन या मापात लिहून ठेवा. एकाचं काम केलं की एक घर वर, त्यामुळे दुसऱ्याकडे एक घर खाली. आणि प्रत्येकीसाठी एक क्लॉक काढा. क्लॉक म्हणजे कागदावर वर्तुळ, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग. 'रेड सॅशेस बंदरावरचा धक्का ताब्यात घेतात' असं बाजूला लिहा आणि दर सेशननंतर, परिस्थितीप्रमाणे, एखाद-दुसरा भाग रंगवा. ही वर्तुळं लपवू नका, टेबलावर सर्वांना दिसू द्या. काय येऊ घातलंय हे दिसत असलं की खेळाडू आपणहून हालचाल करतात.

पाचवी पायरी : पहिली कामगिरी

चोरांच्या खेळाचा सगळ्यात मोठा वेळखाऊ भाग म्हणजे बेत आखणं. दोन तास नकाशावर खल होतो, मग दारातच फासा एक पडतो आणि सगळा बेत वाया जातो. ब्लेड्सने यावर उत्तम तोड काढली आहे. टोळीने फक्त पद्धत निवडायची : हल्ला, फसवणूक, लपतछपत, गूढविद्या, ओळखीपाळखी की वाहतूक. मग तिला लागणारा एक तपशील सांगायचा, उदाहरणार्थ लपतछपत जायचं तर कुठून शिरणार. प्रत्येकाने सोबत किती ओझं घेतलंय एवढंच ठरवायचं. नेमकी वस्तू गरज पडेल तेव्हा काढायची. मग एक फासा ठरवतो की काम सुरू होताना तुम्ही सावध आहात की अडचणीत. बाकीचा बेत फ्लॅशबॅकमधून येतो : खेळाडू म्हणतो, "हे मी कालच करून ठेवलं होतं," आणि ते किती अवघड होतं त्याप्रमाणे थोडा स्ट्रेस मोजतो.

स्ट्रेस म्हणजे पात्राची दमछाक. त्याचे नऊ चौकोन. जास्तीचा फासा हवा तर दोन चौकोन भरा, सोबत्याला मदत करायची तर एक, ओढवलेलं संकट परतवायचं तर फाशावर ठरेल तितके. नऊ भरले की पात्र त्या कामातून बाद होतं आणि त्याच्या स्वभावावर कायमचा ओरखडा उमटतो : संशयी, निष्ठुर, बेफाम, पछाडलेला असा. असे चार ओरखडे झाले की ते पात्र या धंद्यातून उठतं.

आता किंमत आधी सांगणं म्हणजे नेमकं काय, ते एका प्रसंगात पाहू. बाझ्सोने काम दिलंय : रेड सॅशेसच्या अफूच्या अड्ड्यातून हिशोबाची वही आणायची. नेसा नावाचं पात्र मागच्या खोलीत शिरलंय आणि बाकड्यावर झोपलेला म्हातारा राखणदार जागा होतो.

"मी त्याचं तोंड दाबते आणि सुरी चालवते," नेसाची खेळाडू म्हणते.

"चालेल," जीएम म्हणतो, "पण आधी ऐक. हा पाठशाळेतला जुना वस्ताद आहे, या वस्तीतली निम्मी पोरं त्याच्या हाताखाली शिकलीत. आणि कुणीही मेलं की स्मशानघराची घंटा वाजते, तिथला कावळा प्रेत शोधत निघतो. म्हणजे हीट दोनने वाढेल आणि रेड सॅशेसना हे कामकाज न राहता वैर वाटेल. तरी करणार?"

"न मारता गप्प करता येईल?"

"येईल. पण तो तुला बघेल. पुढे कधीतरी ओळखेल."

"मग फ्लॅशबॅक. संध्याकाळी त्याच्या चहात गुंगीचं औषध टाकलं होतं."

"चहा पोचवणारी पोरगी तुझ्या ओळखीची? मग एक स्ट्रेस. पण तिला उद्या विचारतील, चहा कुणी दिला म्हणून."

इथे जीएमने एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. तीन वाटा दिसल्या, तिन्हींना दाम लागला, आणि जी निवडली तिची जबाबदारी खेळाडूकडे आली. चहावाल्या पोरीचं पुढे काय होतं हा दुसऱ्या सेशनचा विषय आपोआप तयार झाला.

याच जातीचं आणखी एक साधन म्हणजे 'डेव्हिल्स बार्गेन'. फासा टाकण्याआधी जीएम किंवा दुसरा कुणी खेळाडू सौदा पुढे करतो : एक फासा जास्त घे, पण त्या बदल्यात हे वाईट घडेल, काम साधलं तरी आणि फसलं तरी. इतर खेळाडूंना हे सौदे सुचवू द्या. ते तुमच्यापेक्षा निर्दय असतात आणि ज्याला सौदा दिलाय तो हसत हसत घेतो.

सहावी पायरी : काम झाल्यानंतर

नवे जीएम चोरी रंगवतात आणि चोरीनंतरचं गुंडाळतात. माझ्या मते कॅम्पेन जगतं ते चोरीनंतरच्या त्या अर्ध्या तासावर.

आधी वाटणी. मग हीट : काम गुपचूप झालं तर शून्य, आटोक्यात राहिलं तर दोन, गाजावाजा झाला तर चार, धुमाकूळ झाला तर सहा. खून झाला असेल तर वर आणखी दोन, मग तो तुमच्या टोळीने केलेला असो वा नसो. नऊ झाली की टोळी 'वाँटेड' होते. आणि वाँटेडपणा कमी करायचा एकच मार्ग आहे : कुणीतरी तुरुंगात जायचं. टोळीतला एखादा, एखादा मित्र, किंवा खोट्या पुराव्यात अडकवलेला शत्रू. या एका नियमाने टेबलावर जेवढी खरी घालमेल होते तेवढी कोणत्याही लढाईने होत नाही. आयर्नहूक तुरुंगात कुणी जायचं यावर खेळाडूंना भांडू द्या. तुम्ही गप्प बसा, चहा प्या.

मग लफडं. दर कामगिरीनंतर फाशावर ठरतं की कुठली बला दारात येते : निळ्या कोटातले शिपाई ओळखीच्या एखाद्याला उचलून नेतात, वैरी टोळी मित्राला धमकावते, टोळीतलाच कुणी फुटतो. इथे तिसऱ्या पायरीत लिहून घेतलेली नावं काढा. अनोळखी माणसाला उचललं तर कुणाला काही वाटत नाही. नेसाची चहावाली पोरगी उचलली गेली तर टेबल शांत होतं. मात्र एक पथ्य कसोशीने पाळा : ओळखीच्या माणसांना दर वेळी संकटात टाकू नका. तसं केलं की पुढच्या वेळी खेळाडू अनाथ, निर्मोही पात्रं घेऊन येतात. दोनदा ती माणसं मदतीला येऊ द्या, जेवायला बोलावू द्या, मगच तिसऱ्यांदा त्यांच्यावर काही ओढवू द्या.

शेवटी व्यसन. स्ट्रेस उतरवायला पात्राला आपल्या व्यसनाकडे जावं लागतं, आणि कधी ते प्रमाणाबाहेर जाऊन नवी भानगड होते. हा प्रसंग दोन वाक्यांत उरकू नका. जुगाराच्या अड्ड्यावर कोण शेजारी बसलं होतं, बहिणीने पैसे घेताना काय विचारलं, हे खेळाडूलाच सांगायला लावा. व्यसनामुळे किंवा जुन्या ओरखड्यामुळे पात्र अडचणीत आलं तर सेशनच्या शेवटी अनुभवाचे गुण मिळतात, म्हणजे पात्राचं वाईट वागणं गोष्टीच्या कामी येतं आणि नियम त्याचा मोबदला देतात.

ज्यांना लुटलं त्यांनाही विसरू नका. प्रत्येक चोरीतल्या एका बळीला नाव द्या आणि तो पुढे कधीतरी, साध्या ठिकाणी दिसू द्या : धक्क्यावर हमाली करताना, सावकाराच्या रांगेत. काही बोलायला लावू नका. खेळाडूने पाहिलं आणि पुढे गेला तरी चालेल.

टेबलावरच खटका उडाला तर

"माझं पात्र असंच वागेल" हे कधीतरी ऐकू येईलच. त्या वेळी पात्राबद्दल वाद घालू नका, तो जिंकता येत नाही. खेळ थांबवून खेळाडूशी, त्याच्या खऱ्या नावाने बोला : "पात्र तू लिहिलंस. ते वागेल असे चार-पाच मार्ग असतील. त्यातला सगळ्यांना खेळता येईल असा कोणता?" बहुतेक जण लगेच दुसरा मार्ग काढतात. जो काढत नाही, त्याच्याशी सेशन संपल्यावर एकट्याने बोला. तरीही फरक पडला नाही तर त्याला पुढच्या डावाला बोलावू नका. मैत्री टिकते, एकत्र खेळलंच पाहिजे असं नाही.

दोन खेळाडू टोळीने काय करावं यावर अडले आणि वीस मिनिटं होऊन गेली, तर पुन्हा किंमत सांगा. "हे केलं तर हे, ते केलं तर ते, आणि काहीच नाही केलं तर हे वर्तुळ दोन घरं भरेल." निर्णय होतो.

मराठीतून चालवा

नियमांचे शब्द इंग्रजी राहू देत, पण माणसं मराठीत बोलू देत. करड्या जगात कोण वरचढ आहे हे आवाज न चढवता दाखवायची सोय आपल्या भाषेत फार मोठी आहे. बाझ्सो बाझ टोळीला "या, बसा, काय घेणार?" म्हणतो तेव्हा तो घाबरवतोय हे कुणालाही कळतं. शिपाई "काय रे, कुठे निघाला?" म्हणतो आणि तुमचं नाव कळताच "नाही, म्हणजे, तुम्ही होय" यावर येतो, तेव्हा टोळीचा दबदबा किती वाढलाय ते आकड्याशिवाय समजतं. लिसा पहिल्या भेटीत 'तू' म्हणत असेल आणि चौथ्या भेटीत अचानक 'तुम्ही' म्हणाली, तर टेबलावर सगळे सावरून बसतात. एनपीसी, म्हणजे जीएम चालवतो ती पात्रं, तयार करताना नावाशेजारी तो कुणाला काय संबोधतो एवढंच लिहून ठेवा. आवाज बदलता येत नसला तरी काम भागतं.

किती दिवस, आणि कुठे थांबायचं

पहिलं कॅम्पेन आठ-दहा सेशन्सचं धरा आणि हे आधीच सांगा. न संपणारी गुन्हेगारी कथा हळूहळू नुसत्या वसुलीची होते. ब्लेड्समध्ये शेवटही आखलेला आहे : पात्र आपल्या कमाईतून निवृत्तीसाठी गाठीला पैसे बांधत जातं. दहा नाण्यांपर्यंत साठवलं तर रस्त्यावरचं दैन्य, चाळीस पूर्ण झाली तर सुखवस्तू घर. चार ओरखडे आधी होतात की चाळीस नाणी आधी जमतात, ही शर्यत प्रत्येक पात्राची वेगळी असते. ज्या खेळाडूचं पात्र आधी बाहेर पडतं त्याने नवं पात्र टोळीतलंच घ्यावं, म्हणजे आधीची देणी तशीच चालू राहतात.

पहिलं सेशन झालं की त्याच रात्री, आठवणी ताज्या असताना, एका पानावर तीन गोष्टी लिहा : या वेळी कुणाचं नुकसान झालं, कोण कुणाचं देणं लागतं, आणि कुठलं वर्तुळ किती भरलं. दुसऱ्या सेशनच्या सुरुवातीला ते पान खेळाडूंना वाचून दाखवा आणि विचारा, "यातलं आधी काय मिटवायचं?" ते जे म्हणतील तिथून डाव सुरू करा.